गुरुजींचे प्रशिक्षण झाले, शाळेचे कधी होणार?

दरवर्षी जून महिना आला की घराघरांत शाळेच्या गोष्टी निघतात. गणवेश मिळाला का, पुस्तके आली का, जुन्या गुरुजींची बदली झाली का, नवीन बाई कशा आहेत, अशी विचारपूस आयाबाया एकमेकींजवळ करतात. हे सारे प्रश्न रास्तच आहेत. पण एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आपल्या शाळेतले सगळे शिक्षक महिन्यातून एकदा तरी एकत्र बसून आपल्या मुलांच्या अभ्यासाविषयी बोलतात काय? आजचा लेख या एका प्रश्नासाठी आहे.

शिक्षकांचे प्रशिक्षण म्हटले की आपण म्हणतो, तो सरकारचा विषय, आपल्याला त्यात काय कळते? कारकुनी करणाऱ्या माणसाने तर त्यात बोलूच नये असेही कोणी म्हणेल. परंतु ज्याची मुले त्या शाळेत बसतात त्याचा हा पहिला विषय आहे. आज जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांत कोणाची मुले उरली आहेत ते डोळे उघडून पाहा. ज्यांना फी परवडते त्यांनी आपली मुले इंग्रजी शाळेच्या गाडीत बसविली. मागे राहिली ती शेतमजुराची, वीटभट्टीवरच्या कामगाराची, धुणीभांडी करणाऱ्या बाईची आणि ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबाची मुले. बऱ्या परिस्थितीतल्या मुलाला वर्गात एखादी गोष्ट समजली नाही तर संध्याकाळी शिकवणी असते, वडील असतात, ताई असते. या मुलांना घरी सांगणारे कोणी नसते. त्यांच्यासाठी जे काही आहे ते शाळेच्या चार भिंतींत आहे. तिथे हुकले तर सगळेच हुकले.

म्हणून गुरुजी शिकलेले असले पाहिजेत, ही मागणी आपल्याकडे फार जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शिक्षकाविषयी स्पष्ट मागण्या आहेत. शिक्षक प्रशिक्षण घेतलेला असावा; तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, म्हणजे तो त्या लोकांत मोकळेपणी मिसळेल आणि त्यांच्या गरजा ओळखेल; आणि त्याचा पगार दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, असे त्यांनी मांडले. म्हणजे शिकवण्याची तयारी, लोकांत मिसळणे आणि पोटापुरता पगार या तिन्ही गोष्टी जोतीरावांनी एकत्र मागितल्या.

सावित्रीबाईंचेही तसेच. त्यांनी आधी अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि नंतर पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पण त्या एकट्या नव्हत्या. फातिमा शेख त्यांच्या सोबत होत्या. १८५६ साली आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी नायगावला होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना जे पत्र लिहिले त्यात, आपल्या मागे कामाचा सारा भार फातिमावर पडत असेल, ही काळजी दिसते. शाळा हे एकट्याचे काम नव्हे, एक खाली बसला तर दुसऱ्याने उचलून धरायचे काम आहे, हे त्या काळी या बायांना ठाऊक होते.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. प्रशिक्षणाची सोय सरकारने केलीच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. त्यांनाच आपण डाएट म्हणतो. १९९४ साली महाराष्ट्राने जवळपासच्या शाळांचा एक गट म्हणजे एक केंद्र अशी रचना केली आणि त्यावर केंद्रप्रमुख नेमले. राज्यात अशी ४८६० केंद्रे झाली. त्याच सुमारास औरंगाबाद, उस्मानाबाद, लातूर, नांदेड आणि परभणी या तेव्हाच्या पाच जिल्ह्यांत जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. ‘स्मार्ट पीटी’ नावाची मोठी प्रशिक्षणे त्याच दशकातली. जुन्या गुरुजींना ती अजून आठवतात. मग २००१ पासून सर्व शिक्षा अभियान आले, २०१० च्या १ एप्रिलपासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आले, २०१९ साली केंद्र सरकारचे ‘निष्ठा’ प्रशिक्षण आले आणि करोनाच्या काळात तेच मोबाईलवर आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे.

म्हणजे प्रशिक्षणाचा तुटवडा नाही. मग चौथीतल्या मुलाला वजाबाकी का येत नाही?

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला शिक्षणशास्त्र येत नाही, पण हिशेब येतो. कोणत्याही खर्चाची एक बाजू लिहून दुसरी कोरी ठेवली तर तो हिशेब पुरा होत नाही, एवढे पहिल्या वर्षीच शिकवतात. एखाद्या प्रशिक्षणाची फाईल उघडून पाहा. त्यात हजेरीपट असतो, प्रवासभत्त्याची बिले असतात, चहा-जेवणाचे बिल असते, उद्घाटनाचे फोटो असतात आणि शेवटी ‘प्रशिक्षण उत्साहात पार पडले’ असा अहवाल असतो. ही झाली खर्चाची बाजू. जमेच्या बाजूला काय? परत गेल्यावर वर्गात कोणती एक गोष्ट बदलली, ती कोणत्या मुलाला उपयोगी पडली, याचा रकानाच त्या फाईलीत नसतो. ज्याचा रकाना नाही ते कोणी भरीत नाही, आणि जे कोणी भरीत नाही त्याची कोणी चौकशीही करीत नाही.

हे गळते कुठे तेही पाहू. पुण्याला तज्ज्ञ मंडळी एखादा विषय तयार करतात. ते राज्यस्तरावरच्या साधनव्यक्तींना शिकवतात. ते जिल्ह्याच्या लोकांना शिकवतात, जिल्ह्याचे लोक तालुक्याच्या सुलभकांना आणि सुलभक शेवटी गावच्या गुरुजींना. वरच्या टाकीत पाणी भरपूर असते, पण शेवटच्या नळाला थेंब येतो. त्यातही गावची शाळा दोन शिक्षकी असेल तर एक गुरुजी प्रशिक्षणाला गेले की दुसऱ्या बाई चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी शाळा अशाच आहेत. गुरुजी प्रशिक्षणाहून परत येतात. बाई विचारतात, “कसे झाले?” गुरुजी म्हणतात, “नेहमीचेच.” संपले! पुण्यापासून निघालेले सारे ज्ञान त्या एका शब्दावर येऊन थांबते.

याचे एक उदाहरण सर्वांना आठवत असेल. २०१९ च्या जून महिन्यात बालभारतीचे दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक आले. त्यात संख्या वाचण्याची एक सोपी रीत दिली होती. बासष्ट म्हणजे साठ दोन, सत्त्याण्णव म्हणजे नव्वद सात. लहान मुलाला संख्येची फोड कळावी, जोडाक्षरांत ते अडकू नये, एवढाच त्यातला हेतू होता. जुनी नावेही पुस्तकात होतीच. पण वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात गदारोळ झाला, थट्टा झाली, घरोघरी पालक चिडले. ती रीत चांगली की वाईट यावर जाणकारांनी वाद घालावा. मला एवढेच म्हणायचे आहे की, गावच्या शाळेत त्यावर दुसरीच्या बाई आणि तिसरीचे गुरुजी एकत्र बसून बोलले असते, मग पालकांना बोलावून दोन शब्द सांगितले असते, तर गोंधळ पुष्कळ कमी झाला असता. दुसरीत ‘साठ दोन’ म्हणणारे पोर तिसरीत गेले आणि तिथे गुरुजींनी त्याला हसून खाली बसवले, तर त्या पोराने काय समजावे?

माझ्या पाहण्यातली एक गोष्ट येथे सांगतो. गावाचे आणि शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. शाळा चार शिक्षकी, पहिली ते चौथी. आम्ही काही मित्र वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. तेथे चौथीतली एक मुलगी येत असे. आईबाप सहा महिने तोडणीला, मुलगी आजीपाशी. शाळेत तिच्यावर ‘गणितात कच्ची’ असा शिक्का बसला होता. आजी म्हणायची, “दादा, हिला काय येत नाय. यंदा हिला पण कोयत्यावर धाडते. पोरगी तिथं बारकी भावंडं तरी सांभाळंल.”

मी तिची वही मागून घेतली. ५२ वजा २७, तिचे उत्तर १५. ६३ वजा ३८, उत्तर पुन्हा १५. ८१ वजा ४६, उत्तर २५. आता खरी उत्तरे काढून पाहा. ती २५, २५ आणि ३५ येतात. म्हणजे मुलीचे प्रत्येक उत्तर नेमके दहाने कमी. जमाखर्चाच्या कामात असे असते की, फरक कधी पाचाचा, कधी अकराचा आला तर लिहिणारा बेपर्वा समजावा. पण दर वेळी सारखाच फरक येत असेल तर लिहिणारा नीट लिहितो आहे, त्याला दिलेल्या नियमातच घोटाळा आहे असे समजावे.

“कशी केलीस ते बोलून दाखव,” असे मी म्हटले. तिने सांगितले ते असे. दोनातून सात जात नाहीत. म्हणून पाचातला एक दशक सुटा केला, पाचाचे चार झाले, दोनाचे बारा झाले. बारातून सात गेले, पाच राहिले. मग हातचा एक खाली दोनात मिळवला, तीन झाले. चारातून तीन गेले, एक राहिला. उत्तर पंधरा.

वाचकहो, यातली एकही पायरी तिने मनाने काढलेली नव्हती. दुसरीच्या बाईंनी काड्यांचे गठ्ठे सोडून दशक सुटा करायला शिकवले होते. नवे पुस्तक तसेच सांगते, आणि ते बरोबर आहे. तिसरीचे गुरुजी जुन्या वळणाचे. त्यांनी वर दहा मिळवायचे आणि हातचा खालच्या दशकात घालायचा, असे शिकवले होते. आपण मोठी माणसे लहानपणी तसेच शिकलो, आणि तेही बरोबर आहे. दोन्ही रीती वेगवेगळ्या केल्या तर उत्तर २५ च येते. मुलीने मात्र बाईंचेही ऐकले आणि गुरुजींचेही ऐकले. एकच दशक तिने दोनदा वजा केला. ती मंद नव्हती, उलट जरुरीपेक्षा जास्त आज्ञाधारक होती. तिच्या शाळेतल्या दोन शिक्षकांची गाठ वजाबाकीवर कधी पडली नव्हती, एवढेच तिचे दुर्दैव.

आणि हे दोघेही प्रशिक्षण घेतलेले! दोघांच्याही नावापुढे हजेरीपटावर सह्या होत्या. बाई चांगल्या शिकवीत, गुरुजीही मन लावून शिकवीत. पण दोघे शेजारशेजारच्या खोल्यांत शिकवून निरनिराळ्या वेळी एसटी पकडून घरी जात. चौथीचे सर म्हणत, “तिसरीतून कच्ची आली.” तिसरीचे गुरुजी म्हणत, “दुसरीत पायाच घातला नाही.” दुसरीच्या बाई म्हणत, “घरी कोणी बघत नाही, आम्ही तरी काय करणार?” शेवटी सारा दोष त्या आजीच्या झोपडीपर्यंत येऊन पोचत असे.

मुख्याध्यापिका बाई समजूतदार होत्या. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कोणाला बोल लावला नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी चौघांना बसवले, फळ्यावर ती तीन गणिते तिच्या उत्तरांसह लिहिली आणि म्हणाल्या, “हे कसे आले असेल, आपण शोधू.” पंधरा मिनिटांत चौघांच्याही लक्षात आले. गुरुजी वयाने मोठे, तीस वर्षांची नोकरी झालेली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “बाई, तुमची काड्यांची रीत मला एकदा करून दाखवा. पुढच्या शनिवारी.” खरे प्रशिक्षण म्हणतात ते हे. त्याला ना भत्ता लागला ना मंडप.

त्या शाळेत पुढे दर शनिवारी अर्धा तास बसण्याचा रिवाज पडला. एक साधी वही केली. त्यात तीन रकाने आखले. मुलाचे नाव, अडचण काय, कोण काय करणार. दिवाळीपूर्वी त्या मुलीची वजाबाकी नीट झाली आणि तोडणीच्या गाड्या निघाल्या तेव्हा आजीने तिला गावातच ठेवून घेतले. आता ती पाचवीत आहे. पुढे तिचे काय होईल ते मी आजच सांगू शकत नाही. पण कोयत्यावर जाण्याचे एक वर्ष तरी टळले, हे खरे आहे.

हे एका शाळेपुरतेच होते असे कोणी समजू नये. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे नाव शिक्षण क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा समूह. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांतील शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावादाचे काम उभे केले. फरशीवर अक्षरे आणि अंक आले, मुले गटात बसून एकमेकांना शिकवू लागली. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाले तेव्हा राज्यभरातून शिक्षक तेथे शाळा पाहायला जात होते. गुरुजींनी दुसऱ्या गुरुजींचा चालू वर्ग डोळ्यांनी पाहिला. व्याख्यान ऐकून जे पटत नाही ते पाहून पटते. पुढे अनेक ठिकाणी फरशी तेवढी रंगवली गेली आणि एकत्र बसणे राहून गेले, हेही खरे. रंग वर्षा-दोन वर्षांत उडून जातो.

बाहेरच्या देशांतही या कामाची रीत बसलेली आहे. जपानच्या प्राथमिक शाळांत ‘जुग्यो केन्क्यू’ नावाची पद्धत शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. त्याचा अर्थ पाठाचा अभ्यास. स्टिगलर आणि हिबर्ट या अमेरिकी अभ्यासकांनी १९९९ साली ‘द टीचिंग गॅप’ या पुस्तकात तिची माहिती दिल्यावर इतर देशांतल्या शिक्षकांचे तिकडे लक्ष गेले. पद्धत अगदी सोपी आहे. शाळेतले शिक्षक मुलांना जड जाणारा एक पाठ निवडतात आणि तो मिळून तयार करतात. एक जण वर्गात शिकवतो, बाकीचे मागे उभे राहतात. ते शिकवणाऱ्याकडे पाहत नाहीत, मुलांकडे पाहतात. कोणते मूल कुठे अडले, कोणी काय लिहिले, याची टिपणे घेतात. मग एकत्र बसून पाठ सुधारतात आणि दुसऱ्या वर्गात दुसरा शिक्षक तो घेतो. टीका होते ती पाठावर, माणसावर नाही. आपल्या केंद्रात दरमहा शिक्षण परिषद व्हायची असते. तेथे परिपत्रके वाचून दाखवण्यात वेळ घालवण्यापेक्षा असा एक पाठ सर्वांसमोर घेतला तर काय बिघडेल? त्यासाठी नवा शासननिर्णय लागत नाही, मागे उभे राहून शांतपणे पाहण्याची तयारी लागते.

मग शिक्षक एकत्र का बसत नाहीत? याची कारणे प्रामाणिकपणे पाहिली पाहिजेत. पहिले कारण कामाचा बोजा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरे अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. प्रत्यक्षात मतदारयाद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी, ‘आजच माहिती सादर करा’ असे निरोप यातच गुरुजींचा दिवस जातो. दुसरे कारण मनातली भीती. आपल्या वर्गात दुसरा आला तर आपले उणे काढील, वर कळवील, असे वाटते. त्यातच १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्या कार्यरत शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा बाकी आहे त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे असे त्या निकालाने सांगितले. तेव्हा पन्नाशीच्या घरातले गुरुजीही गाईडे घेऊन बसले. परीक्षेने एकेका शिक्षकाचे ज्ञान तपासता येईल; पण दुसरीचे काम तिसरीला जोडले आहे की नाही, हे कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही.

तिसरे कारण बोलायला अवघड आहे, पण बोलले पाहिजे. शिक्षकांत संघटनांचे गट असतात, ज्येष्ठ-कनिष्ठ असते, मानधनावरचा शिक्षणसेवक आणि कायम शिक्षक असा भेद असतो, आणि जातही असते. डबा एकत्र उघडला जातो, पण मन उघडले जातेच असे नाही. आरक्षणातून आलेल्या तरुण शिक्षकाने एखादी नवी रीत सुचवली की काहींच्या कपाळाला आठी पडते. उलट, आपला माणूस चुकला तरी त्याला झाकायचे, असेही काही ठिकाणी होते. दोन्हींत नुकसान मुलाचे. ५२ मधून २७ वजा करताना गुरुजींची जात कामाला येत नाही. तेथे फक्त हे लागते की चौघांनी मिळून एक गोष्ट ठरवली आहे आणि चौघे ती पाळत आहेत.

आता आपण काय करायचे? नुसती कुरकुर करून भागणार नाही. कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात ७५ टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. पुष्कळ ठिकाणी आपल्या माताभगिनी या समितीवर आहेत, पण त्यांच्याकडून घरी वही पाठवून सही घेतली जाते. भगिनींनो, पुढच्या वेळी सही घरी करू नका. शाळेत जा, बसा आणि नम्रपणे तीन गोष्टी विचारा. गेल्या महिन्यात कोणते गुरुजी कोणत्या प्रशिक्षणाला गेले होते? परत आल्यावर त्यांनी बाकीच्या शिक्षकांना त्यातले काय सांगितले? आणि शिक्षकांची आपसातली बैठक कोणत्या वारी होते? यात कोणाचा अपमान नाही. विचारणारे कोणीतरी आहे असे कळले की चांगल्या शिक्षकाला हुरूपच येतो.

दुसरे, शिक्षक बैठकीला बसलेले असतील तो अर्धा तास गावाने राखावा. त्या वेळी दाखला मागायला, उत्सवाची वर्गणी मागायला, पुढाऱ्याचा निरोप घेऊन कोणी जाऊ नये. वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींनी त्या अर्ध्या तासात मुले सांभाळावीत, गोष्टीची पुस्तके वाचून दाखवावीत. निवृत्त गुरुजी आणि बाई आपल्या ओळखीत असतात. त्यांना शाळेत मानाने बोलवावे. त्यांचा तीस वर्षांचा अनुभव घराच्या ओसरीवर वाया जात असतो.

तिसरे सांगणे या पानाच्या वाचकांतल्या शिक्षक बंधू-भगिनींना. तुमच्यातले पुष्कळ जण याच शाळांतून, याच वस्त्यांतून शिकून वर आले. तुम्हांला कोणीतरी एका गुरुजींनी हाताला धरून पुढे नेले असेल. तुम्ही प्रशिक्षणाला जाल तेव्हा येताना एकच गोष्ट शाळेत घेऊन या, पण ती सर्वांपुढे करून दाखवा. पुढच्या वर्गाच्या शिक्षकांना विचारा की, माझी मुले तुमच्याकडे आल्यावर कुठे अडतात? हा प्रश्न विचारणे कमीपणाचे नाही. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला विचारतो, वकील ज्येष्ठ वकिलाला विचारतो. मग गुरुजींनी शेजारच्या खोलीतल्या बाईंना का विचारू नये? आणि मुख्याध्यापक असाल तर ती तीन रकान्यांची वही सुरू करा. दोनशे पानी वही वर्षभर पुरते.

अधिकाऱ्यांना एवढीच विनंती की, प्रशिक्षणाला एका शाळेतला एकच शिक्षक बोलावण्याऐवजी जमेल तेथे सारी शाळा मिळून शिकेल अशी व्यवस्था करावी, आणि त्या फाईलीत एक रकाना वाढवावा: ‘परत गेल्यावर वर्गात काय बदलले?’ तीन महिन्यांनी तो रकाना केंद्रप्रमुखांनी शाळेत बसून, मुलांच्या वह्या पाहून भरावा. खर्चाची बाजू आम्ही कारकून मंडळी चोख ठेवतोच. जमेची बाजू शाळेने भरायची आहे.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आपापल्या शाळेपाशी जा. फाटकाला कुलूप आहे की आत चार खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या आहेत, एवढे पाहा. कुलूप असेल तर पुढच्या समिती बैठकीत ठराव मांडा. ठराव एका ओळीचा पुरे: शिक्षकांची साप्ताहिक बैठक, दर शनिवारी, अर्धा तास, विषय एकच, आपली मुले.